पळाली, सटकली की पाठवली?

आक्का,

सासरहून गुपचूप निघालेली बाई निदान माहेराच्या दिशेने तरी जाते. मला तेही धड जमलं नाही. जायचं होतं नगरला आणि तिथून पुढे पाथर्डीकडे. सुपा फाट्यावर मी चढले ती शिरूरच्या गाडीत. म्हणजे माहेर उगवतीला आणि मी निघाले मावळतीला. कोणी ओळखू नये म्हणून पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला होता. लोकांना माझं तोंड दिसलं नाही हे खरं, पण मलाही गाडीची पाटी दिसली नाही. सातवी पास होते मी. या घरात एवढी शिकलेली सून आजवर आली नाही, असं माझं मीच सगळ्यांना सांगत होते.

कंडक्टरने विचारलं, कुठं जायचं. आवाजावरून ओळखू नये म्हणून मी बोललेच नाही, मूठ पुढे करून उघडली. त्याने मुठीतली नाणी बघून शिरूरचं तिकीट फाडलं. पुढे नदीवरचा पूल आला तेव्हा मला जरा चुकल्यासारखं वाटलं. नगरच्या वाटेला एवढी नदी नव्हती. पण मी मनाशी म्हटलं, यंदा पाऊसपाणी बरं झालेलं दिसतंय.

थोरल्या जावेच्या हक्काने ही गोष्ट तू इतक्या लग्नांत आणि बारशांत सांगितलीस की माझ्या नातसुनांनाही ती पाठ आहे. मी चिडायचे. म्हणायचे, आता पुरे कर. आता तू नाहीस, आणि परवा दहाव्याला सगळे जमले तेव्हा कोणीच ती काढली नाही. माझा विचार करून गप्प बसले असतील. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं, म्हणून ती मीच लिहायला घेतली.

केडगावात तुझ्या मुलाच्या घराजवळ तुझा फ्लेक्स लागलाय. खाली शोकाकुल म्हणून एवढी नावं आहेत की त्यातले निम्मे तुला ओळखत नव्हते आणि उरलेल्या निम्म्यांना तू टाळत होतीस. फोटो नातवाच्या लग्नातला आहे. फोटोवाला आजी इकडे बघा, आजी इकडे बघा म्हणत होता आणि तू मांडवाच्या दाराकडे बघत होतीस. सत्काराची भाषणं सुरू व्हायच्या आत तुला निघायचं होतं ना? आता जाणारा-येणारा खाली थांबून हात जोडतो, आणि तू त्याच्या डोक्यावरून बाहेरची वाट शोधतेयस.

तुझ्या सुनेने फोन केला तेव्हा मी मटकीला मोड आलेत का ते बघत होते. ती म्हणाली, काकी, आई गेल्या. आणि मी विचारलं, कुठं?

मला खरंच तसं वाटलं गं. तुला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं की तू शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचीस, आणि घरचे सगळं केडगाव पालथं घालायचे. मला वाटलं, तशीच कुठे गेली असशील. मग पलीकडून रडणं ऐकू आलं आणि मी मटकीवर फडकं पुन्हा झाकलं. नंतर तिने सांगितलं की दुपारचं जेवून तू अंग टाकलंस, मग तिला म्हणालीस की चहा टाक, साखर जरा बरी घाल. ती कप घेऊन आली तोवर तू निघून गेली होतीस. चहाची ऑर्डर देऊन जायचं म्हणजे शेवटपर्यंत कोणाला संशय येऊ द्यायचा नाही.

याला सटकणं म्हणतात. तू मला आयुष्यभर हाच शब्द चिकटवायला बघितलास, आणि तो माझ्यावर कधीच बसला नाही. सटकायला समोर जागी माणसं लागतात. ती आपल्याकडे बघत असताना, बोलत असताना, त्यांच्यामधून अलगद बाजूला व्हायचं, आणि आपण नाही हे त्यांना नंतर कळायचं. कीर्तनात पहिल्या रांगेत बसून तू पूर्वरंगातच उठायचीस आणि तुझ्या जागेवर पिशवी ठेवून यायचीस. बुवांना वाटायचं, बाई आत्ताच पाणी प्यायला गेल्यात. मला ते कधी जमलं नाही. मी उठले की माझं जोडवं वाजायचं, खोकला यायचा, कोणीतरी विचारायचंच, का हो, निघाल्या?

आपलं हे भांडण नेमकं कधी सुरू झालं ते आठवत नाही, पण शेंगा फोडायला बसलो की ते निघायचं. मी म्हणायचे, मी निघून गेले. ठणकावून म्हणायचे. तू एक शेंग फोडून दाणे सुपात टाकायचीस आणि म्हणायचीस, "निघून जानारी बाई दार आपटती. तू तर कडीला त्याल लावलं हुतंस."

लावलं होतं. खोबरेल. कडी कुरकुरायची.

मग मी म्हणायचे, बरं, निसटले म्हण. तू म्हणायचीस, निसटायला आधी कोणीतरी धरलेलं लागतं, साबणाची वडी काय दगडावरून आपली आपण निसटती व्हय? तुला धरलं हुतं कुनी? एकदा मी वर्तमानपत्रातला पोबारा काढला. मला तो आवडायचा, त्यात जरा ऐट आहे. तू तो लगेच खोडलास. पोबारा करणाऱ्याच्या हाताला दुसऱ्याचं काहीतरी लागलेलं असतं, मांजर साय चाटून पोबारा करतं. मी म्हटलं, म्हणजे तो मला नाहीच लागू, मी माझी दोन लुगडी आणि आरसा एवढंच नेलं होतं. तू शांतपणे म्हणालीस, "आरसा माझा हुता."

इतक्या वर्षांनी. मी उठून आरसा आणला, मागे खरंच तुझ्या माहेरच्या गावाच्या जत्रेचा शिक्का होता. तू म्हणालीस, असू दे, आता काय बघायचंय त्यात.

हातावर तुरी देण्याला तू मला लायक धरलं नाहीस. त्याला पहारेकरी लागतो, आणि तो डोळे उघडे ठेवून बसलेला लागतो. सासूबाईंना आपण आत्याबाई म्हणायचो, तर आत्याबाई त्या दुपारी तोंड उघडून घोरत होत्या. झोपलेल्याच्या हातावर तुरी देण्यात कसली आली मर्दुमकी? आणि काढता पाय हा शब्द आपण दोघींनी एकमताने आपल्या नवऱ्यांना देऊन टाकला होता. तुझे थोरले आणि माझे धाकटे, दोघे भाऊ त्यात तयार. चुलीपाशी आवाज चढला की एकाला बैल आठवायचा आणि दुसऱ्याला बैलाचं पाणी. तू म्हणायचीस, पाय काढायला तो आधी आत टाकावा लागतो, हे तर उंबऱ्यावरूनच माघारी.

माझा नातू सुप्याच्या कंपनीत लागला तेव्हा त्याने तुला नवा शब्द दिला. म्हणाला, थोरल्या आजी, आमच्यात याला कल्टी म्हणतात. तुला कोणी साडी घेतल्यासारखा आनंद झाला. पुढे केडगावला गेल्यावर तू मला फोन करून सांगायचीस, कौसे, आज डॉक्टरला कल्टी मारली गं. मी म्हणायचे, औषध घे बाई. तू म्हणायचीस, आवाज येत न्हाई.

एक शब्द मात्र आपण खेळायला घेतला नाही. दुष्काळाच्या साली माझ्या माहेराकडची घरंच्या घरं कुलूप लावून गेली, काही परत आली, काही नाही. तू एकदा बोलता बोलता परागंदा म्हणालीस, माझ्याकडे बघितलंस, आणि मटकीतला खडा बाजूला काढावा तसा तो शब्द बाजूला ठेवलास.

पण पळाली या शब्दाला तू कधीच हसली नाहीस. इतर सगळे शब्द तू मला लावून बघायचीस, बांगड्यांचं माप बघावं तसे. हा एक कधी नाही. गडी पळाला तर लोक विचारतात, किती जोरात? बाई पळाली तर विचारतात, कोणाबरोबर? तिच्या पायात एकटं पळायची ताकद असते हे कोणाच्या मनातच येत नाही. आपल्या आळीत खालच्या अंगाला एक म्हातारी होती. तरणेपणी रागाच्या भरात मावशीकडे जाऊन राहिली आणि आपल्या पायांनी परत आली, एवढाच तिचा गुन्हा. पण ती घरी नव्हती तेव्हा तिच्या सासूने ओसरीवर उभं राहून तो शब्द उच्चारला होता. पुढे तिची मुलं झाली, सुना आल्या, तरी पत्ता सांगताना लोक पळालेलीच्या घरापासून डावीकडे असंच सांगायचे. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

मी मात्र निघाले तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. डोक्यात होती नागपंचमी.

पहिल्या पंचमीला नव्या नवरीला भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो. आळीतल्या एकेकीचे भाऊ येत होते, एकेकीची ओटी भरली जात होती, आणि मी दारात उभी राहून फाट्याकडे बघत होते. आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं की मुराळ्याबिगर सून उंबरा ओलांडत नाही. पंचमीच्या आदल्या दिवसापर्यंत दादा आला नाही. त्या दिवशी भावाचा उपास असतो. ज्याच्यासाठी पोटाला चिमटा घेऊन बसले तोच येत नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. तुला भाऊ नव्हताच. तुला न्यायला कधीच कोणी येत नसे, आणि आळीतल्या सगळ्या पोरींच्या ओट्या तूच भरत होतीस. हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसत नव्हतं. पाटी न दिसायला पदरच लागतो असं नाही.

तर दुपारी आत्याबाई घोरायला लागल्या, मी कडीला तेल लावलं, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. शिरूरच्या स्टँडवर उतरून मी एका म्हातारीला विचारलं, पाथर्डीची गाडी कुठं लागते. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, बाई, हा पुणे जिल्हा हाय.

इकडे मी फाट्यावरून हलले न हलले तोच नगरकडून गाडी आली आणि तिच्यातून दादा उतरला. आदल्या दिवशी त्याची गाडी वाटेत बंद पडली होती, एवढंच. तो घरी येऊन ओसरीवर बसला, टोपी काढली आणि विचारलं, कौसा कुठंय? आत्याबाई नुकत्या उठल्या होत्या. माझी लुगड्यांची खुंटी रिकामी आहे हे त्यांनी बघितलं होतं. तू सांगायचीस की त्यांचं तोंड उघडलं आणि तो शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलेला तुला दिसला. तो बाहेर पडला असता तर दादाने तसंच उठून जायचं, आणि मी परत या दारात उभी राहायची नाही. माहेरीही मला पळालेली म्हणूनच ठेवलं असतं. आळीत पत्ता सांगायला आणखी एक खूण झाली असती.

तू आतून म्हणालीस, देवीला गेलीय, पंचमीला धाडायची म्हंजी आधी देवीपुढं ओटी नको का भराया, मी बी निघालेच. आणि आत्याबाईंच्या नाकासमोर त्यांच्याच पेटीतून खण काढलास, देव्हाऱ्यातला नारळ उचललास, पदराला मूठभर गहू बांधलेस. पाव्हण्यासमोर त्या काय बोलणार? फाट्यावर चहावाल्याला विचारलंस. तो म्हणाला, पदरवाली का? शिरूरच्या गाडीत बसली. तू दुधाच्या गाडीला हात केलास.

मी बाकावर बसून भजी खात होते. रागाने. भावाचा उपास मी जाणूनबुजून भावावर सूड म्हणून मोडत होते. तू समोर येऊन उभी राहिलीस. मला वाटलं, आता झिंज्या धरणार. तू कागदातल्या भज्यांकडे बघितलंस.

"उपास हाय ना गं आज तुझा?"

मी भज्यासकट रडायला लागले. म्हटलं, आला नाही तो. तू म्हणालीस, आलाय, ओसरीवर बसून च्या पितोय. ते ऐकून मला जो ठसका लागला तो तू पाठीवर थापा मारूनही जाईना. मग तू मला तिथेच बाकावर नीट बसवलंस, कपाळाला कुंकू लावलंस, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांमध्ये माझी ओटी भरलीस. एका म्हाताऱ्याला वाटलं, काहीतरी व्रत चाललंय. त्याने लांबूनच नमस्कार केला. नारळ ओटीत टाकताना तू म्हणालीस की आता तू गेली नाहीस, आता तुला पाठवलीय, ध्यानात ठेव. त्या दिवसापर्यंत मी तुला अहो-जाहो करत होते. परतीच्या गाडीत बसल्यावर मी विचारलं, आक्का, तू भजी खाणार का? तुझाही उपास होता, भाऊ नसताना. तू म्हणालीस, दे एक.

परतीच्या वाटेवर तू आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आणून दिलीस. बरोबर गाडीत बसले असते तर संध्याकाळपर्यंत पाथर्डीकडे पोचले असते, भाऊ इकडे आणि मी तिकडे, आणि मग देवी काय, कोणीच मला वाचवलं नसतं. उलट्या गाडीनेच मला तारलं.

दिवेलागणीला आपण दोघी नारळ घेऊन दारात उभ्या राहिलो. आत्याबाई पुढे आल्या, माझा पदर हातात धरून हुंगला, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवीनं भज्यांचा परसाद दिला व्हय?" पण दादा मागेच बसला होता, आणि ओटी भरलेली होती. सकाळी त्यांनी स्वतः मला कुंकू लावलं आणि आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, आमच्या सुनंला पंचमीला पाठवतोय. माझे यजमान आदल्या रात्री बाजारातून आले होते. त्यांना फक्त भाकरी उशिरा झाली एवढंच कळलं.

तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, आधी कबूल कर. आणि मी तर आयुष्यभर निघून गेले, निघून गेले करत बसले. तू माझ्यासाठी तो शब्द गिळलास आणि मी तुझ्यापुढेही तो कधी तोंडातून काढला नाही. आता लिहून देते. मी पळाले होते आक्का. एकटी, तुझा आरसा घेऊन.

पुढच्या पंचमीपासून दादा आला की आपल्या दोघींना घेऊन जायचा. आत्याबाई कुरकुरायच्या, एक मुराळी आणि दोन सुना हे कुठलं नवीन खूळ. माहेरीही आई विचारायची, जावेला कशाला आणतेस गं दरवर्षी? दादानेही विचारलं. तू गोष्ट सांगताना परतीच्या गाडीतून एकदम नारळ घेऊन दारात उभं राहण्यावर यायचीस, मधलं गाळायचीस, म्हणून मीही कारण कोणाला सांगितलं नाही. खरं तर फाट्यावर उतरून आपण घराच्या वाटेला लागलो तेव्हा मी पुढे होते, ओटी सांभाळत, खाली बघत. तू मागून आलीस, माझा पदर कपाळावरून मागे सारलास आणि म्हणालीस,

"कौसे, म्होरल्या टायमाला जाशील तवा मला सांग. मी बी येते."